पांढऱ्या बटेची गोष्ट: इंदिरा गांधींची प्रतिमा कुणी घडवली?

शाळेच्या स्नेहसंमेलनात वेशभूषा स्पर्धा असली की एखादी तरी मुलगी इंदिरा गांधी होतेच. तिला सजवायला फार काही लागत नाही. आईची सुती साडी, डोक्यावरून पदर, मनगटावर बाबांचं मोठं घड्याळ, गळ्यात रुद्राक्षाची माळ. सगळ्यात शेवटी आई टाल्कम पावडरचा डबा उघडते आणि दोन बोटांनी कपाळावरच्या केसांत पांढरा पट्टा ओढते. तो ओढला की काम झालं. मुलीने भाषणाचं पहिलं वाक्य म्हणायच्या आधीच मागच्या रांगेतल्या आजोबांना कळतं, ही कोण आली ते.

जवळपास सोळा वर्षं देशाचं पंतप्रधानपद, बँकांचं राष्ट्रीयीकरण, एक युद्ध, आणीबाणी, पराभव, पुनरागमन, हत्या. एवढं सगळं आयुष्य चिमूटभर पावडरीत कसं मावतं? हा लेख त्याच प्रश्नाचा आहे. राजकारणातल्या बाईची प्रतिमा कशी तयार होते हे समजून घ्यायला आपल्याकडे इंदिरा गांधींइतकं भरघोस उदाहरण दुसरं नाही.

आधी 'प्रतिमा' म्हणजे काय ते साध्या शब्दांत बघू. पंतप्रधानांना प्रत्यक्ष भेटणारी माणसं किती असणार? काही हजार. बाकीच्यांना पंतप्रधान कळतात ते वर्तमानपत्रातून, रेडिओवरून, व्यंगचित्रातून, घोषणेतून, सिनेमातून. यातला प्रत्येक जण आपल्या कामापुरता ऐवज उचलतो. व्यंगचित्रकाराला दोन रेषांत ओळख पटवायची असते, म्हणून तो नाक आणि केस उचलतो. बातमीदाराला मथळा हवा असतो, घोषणा लिहिणाऱ्याला यमक, पटकथाकाराला घरातला संघर्ष. कुणी खोटं बोलत असेलच असं नाही. पण प्रत्येकाने जे उचललं ते टिकतं आणि जे कुणाच्याच कामाचं नव्हतं ते गळून जातं.

हे पुरुषांचंही होतं. गांधीजींचा चष्मा आणि काठी, नेहरूंचा गुलाब हे असेच उरलेले तुकडे. फरक आहे तो साच्यांत. पुरुष नेत्यासाठी आपल्याकडे बहुतेक कामाचे आणि सत्तेचे साचे तयार असतात: लोहपुरुष, चाणक्य, जाणता राजा. बाईसाठी तयार असतात ते नात्याचे किंवा मग थेट माणूसपणाच्या पलीकडचे: मुलगी, बाहुली, आई, विधवा, देवी, चेटकीण. हा नियम काटेकोर नाही, 'बापू' आणि 'चाचा' हीही नातीच. पण पुरुषाला नात्याच्या साच्यातून बाहेर पडून नुसता मुत्सद्दी होता येतं. बाईला एका साच्यातून काढलं की बहुधा दुसऱ्या साच्यात बसवलं जातं. इंदिराबाईंच्या बाबतीत हे वीसेक वर्षांत अनेकदा घडलं, आणि त्याची नोंद सगळी उघड्यावर आहे.

पहिला साचा बाहुलीचा. ११ जानेवारी १९६६ ला ताश्कंदमध्ये लालबहादूर शास्त्री गेले. काँग्रेसमधल्या वजनदार मंडळींना (कामराज, अतुल्य घोष, आपल्या मुंबईचे स. का. पाटील) मोरारजी देसाई नको होते. इंदिरा गांधी सांभाळून घेता येतील असा त्यांचा होरा. संसदीय पक्षात मतदान झालं, इंदिरा गांधींना ३५५ आणि मोरारजींना १६९ मतं पडली. पुढे लोकसभेत सुरुवातीला त्या अडखळत बोलायच्या, तेव्हा समाजवादी नेते राममनोहर लोहियांनी त्यांना 'गूंगी गुडिया', म्हणजे मुकी बाहुली, म्हटलं. शब्द इतका नेमका बसला की आजही तो आठवतो.

पण जरा मागे जाऊन बघा. ही 'बाहुली' १९५९ मध्ये काँग्रेसची अध्यक्ष होती आणि त्याच वर्षी केरळचं निवडून आलेलं कम्युनिस्ट सरकार बरखास्त व्हावं म्हणून तिने जोर लावला होता. १९६४ पासून ती माहिती आणि नभोवाणी मंत्री होती, म्हणजे आकाशवाणी कशी चालते हे तिला आतून ठाऊक होतं. ही माहिती गुप्त नव्हती. तरीही पक्षातल्या बुजुर्गांना आणि विरोधकांना, दोघांनाही, एकच गोष्ट दिसली: नेहरूंची मुलगी. साचा डोळ्यांवर बसला की समोरचा कागदही वाचता येत नाही. तीन वर्षांत, १९६९ मध्ये, तिने १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण केलं, पक्ष फुटला आणि तिला बाहुली समजणारे बुजुर्ग बाजूला पडले.

मधल्या काळात नाकाची गोष्ट घडली. फेब्रुवारी १९६७ मध्ये भुवनेश्वरच्या प्रचारसभेत जमावातून आलेला दगड लागून त्यांचं नाक फुटलं. पदर नाकाशी धरून त्या उभ्या राहिल्या. एरवीही ते नाक व्यंगचित्रकारांचं आवडतं होतं. आर. के. लक्ष्मण यांच्या चित्रांतलं ते लांब, टोकदार नाक मुंबईत सकाळच्या चहाबरोबर घरोघर पोचायचं. नाक, बट, पदर. व्यंगचित्राची ही काटकसर मला दोष वाटत नाही, ती त्या कलेची ताकद आहे. फक्त एवढं लक्षात ठेवायचं की रोज सकाळी वाचकाला आधी दिसायचं ते तिचं शरीर, आणि धोरण त्यानंतर.

१९७१ साल सगळ्यात बोलकं. विरोधकांची एकच मागणी होती, इंदिरा हटाओ. त्यावर त्या सभांतून म्हणायच्या, ते म्हणतात इंदिरा हटाओ, मी म्हणते गरिबी हटाओ. विरोधकांचाच शब्द उचलून त्यांच्यावर उलटवला, आणि पक्षाला लोकसभेत ३५२ जागा मिळाल्या. वर्षाच्या शेवटी युद्ध झालं, १६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली आणि इंदिरा गांधी 'दुर्गा' झाल्या. अटलबिहारी वाजपेयींनी त्यांना दुर्गा म्हटलं असं आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेलं आहे. वाजपेयींनी स्वतः पुढे हे नाकारलं. मी असं म्हटलंच नव्हतं, असं त्यांनी सांगितलं. तरीही वाक्य जिवंत आहे, कारण साचा तयार होता. लढाई बंगालच्या भूमीवर, समोर शत्रू, आणि दिल्लीत नेतृत्वाला बाई. महिषासुरमर्दिनीची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. मग ते वाक्य कुणीतरी म्हटलेलं असलंच पाहिजे असं सगळ्यांना वाटू लागतं.

आणीबाणीच्या दिवसांत मकबूल फिदा हुसेन यांनी त्यांना खरोखरच दुर्गेच्या रूपात रंगवलं. हुसेन जन्माने पंढरपूरचे, उमेदीच्या काळात मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवून पोट भरलेले. रस्त्याच्या पलीकडून, चालत्या बसमधूनही चेहरा ओळखू आला पाहिजे ही होर्डिंगची शिस्त. देवीचा साचा वापरला की ते काम अर्धं होऊन जातं.

त्याच १९७१ मध्ये, युद्धाच्या महिनाभर आधी, त्या अमेरिकेत अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांना भेटल्या. बंद दाराआड निक्सन आणि त्यांचे सल्लागार किसिंजर काय बोलले ते ध्वनिफितींवर नोंदलं गेलं आणि २००५ मध्ये जाहीर झालं. निक्सननी त्यांना 'म्हातारी चेटकीण' म्हटलं होतं, किसिंजरनी वापरलेला शब्द इथे लिहिण्यासारखा नाही. म्हणजे एकाच बाईची, एकाच वर्षात, एकीकडे देवी आणि दुसरीकडे चेटकीण.

या दोन्ही साच्यांत एक गोष्ट सारखी आहे. दोघींकडे शक्ती असते, पण ती कामातून आलेली नसते. प्रत्यक्षात १९७१ चा विजय म्हणजे कित्येक महिन्यांची किचकट मेहनत होती. जवळपास एक कोटी निर्वासितांना सांभाळणं, ऑगस्टमध्ये सोव्हिएत संघाशी केलेला करार, पाश्चात्त्य राजधान्यांचा दौरा, लष्करप्रमुख माणेकशा म्हणाले तेव्हा थांबायची तयारी. देवीला करार करावे लागत नाहीत आणि सेनापतीचं ऐकून थांबावंही लागत नाही. दुर्गेच्या चित्रात इंदिरा गांधींचं सगळ्यात मोठं कर्तृत्वच दिसत नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

सिनेमाने वेगळी वाट धरली. फेब्रुवारी १९७५ मध्ये गुलजार यांचा 'आंधी' आला. सुचित्रा सेन यांच्या केसांत तीच पांढरी बट, तशीच साडी, तशीच लगबगीची चाल. कथा इंदिरा गांधींची नव्हती, पण लोकांनी ती त्यांचीच मानली. चित्रपट काही महिने चालला आणि मग आणीबाणीच्या काळात त्यावर बंदी आली. १९७७ मध्ये सरकार बदलल्यावर तो पुन्हा दिसला. बंदीची गोष्ट नेहमी सांगितली जाते. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते कथानक. नायिका निवडणुकीसाठी एका शहरात येते, आणि ज्या हॉटेलात उतरते त्याचा व्यवस्थापक तिचा दुरावलेला नवरा निघतो. पुढे सगळा ताण एकाच प्रश्नावर: घर की राजकारण? सिनेमा हळवा आणि देखणा आहे, मला आवडतो. पण तिचा पक्ष काय म्हणतो, ती निवडून आली तर काय करणार, हे पाहणाऱ्याला आठवत नाही. आठवतो तो संसार.

आता आणीबाणीकडे येऊ. प्रतिमेचा साचा इतिहास कसा बदलतो हे इथे सगळ्यात स्पष्ट दिसतं.

१२ जून १९७५ ला अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांची निवडणूक रद्द ठरवली. २५ जूनच्या रात्री राष्ट्रपतींनी आणीबाणीच्या आदेशावर सही केली. दिल्लीत वर्तमानपत्रांच्या छापखान्यांची वीज तोडली गेली. सकाळी आकाशवाणीवर इंदिराबाईंचा आवाज आला: राष्ट्रपतींनी आणीबाणी जाहीर केली आहे, घाबरण्याचं काही कारण नाही. पुढचे एकवीस महिने वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होता, लाखाहून अधिक माणसं खटल्याशिवाय किंवा भारत संरक्षण नियमांखाली आत होती, आणि १९७६-७७ या एका वर्षात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यातल्या कितीतरी धाकदपटशाने.

हे सगळं का झालं? कट्ट्यावर विचारा, सिनेमा बघा, उत्तर बहुतेक वेळा एकच येतं: मुलाच्या आंधळ्या मायेपोटी. संजय गांधींनी केलं, आईचा नाइलाज झाला. संजय यांचा हात मोठा होता यात शंका नाही. पण या गोष्टीत कोण कोण सुटतं ते मोजा. राष्ट्रपतींच्या सहीनंतर, सकाळी सहाच्या बैठकीत निमूटपणे संमती देणारं मंत्रिमंडळ सुटतं. घटनादुरुस्त्यांना हात वर करणारे खासदार सुटतात. १९७६ मध्ये चार विरुद्ध एक अशा बहुमताने, अटकेविरुद्ध दाद मागायचा हक्क नाही असं म्हणणारं सर्वोच्च न्यायालय सुटतं. नसबंदीचा आकडा गाठण्यासाठी गावात गाड्या पाठवणारे जिल्ह्याजिल्ह्यातले अधिकारी सुटतात. आणि खुद्द इंदिरा गांधीही थोड्या सुटतात, कारण पुत्रमोह ही दुबळेपणाची गोष्ट झाली, गुन्ह्याची नाही. एका पंतप्रधानाने विचारपूर्वक घेतलेला सत्तेचा निर्णय आईच्या काळजात ढकलला की त्याचा जाब विचारायची गरजच उरत नाही. बाईला नात्याच्या साच्यात बसवणं हे फक्त तिच्यावर अन्याय करणारं नसतं. कधी ते तिच्या फायद्याचंही असतं, आणि भुर्दंड आपल्याला, नागरिकांना, पडतो.

याच काळात महाराष्ट्रात आणखी एक प्रतिमा तयार होत होती. ती वेगळ्या मार्गाने आली, म्हणून तिच्यापाशी थोडं थांबायला हवं.

गोरेगावात पिण्याच्या पाण्याची वानवा होती. मृणाल गोरे यांनी तिथल्या बायकांना बरोबर घेऊन पाण्यासाठी वर्षानुवर्षं भांडण मांडलं आणि लोक त्यांना 'पाणीवाली बाई' म्हणू लागले. १९७२ च्या सुमारास महागाई भडकली तेव्हा मृणालताई, अहिल्याताई रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी अशा वेगवेगळ्या पक्षांतल्या बायका एकत्र आल्या. हातात लाटणं आणि थाळी घेऊन हजारो गृहिणी रस्त्यावर उतरल्या. लाटणं मोर्चा. छायाचित्रकारांना यापेक्षा चांगलं दृश्य कुठलं मिळणार? स्वयंपाकघर हे बाईचं क्षेत्र, हा साचा तर जुनाच. पण इथे तो बायकांनी स्वतः उचलला आणि त्याने सरकारचं दार ठोठावलं. तेल, साखर, रॉकेल हा घरचा प्रश्न नसून धोरणाचा आहे, हे त्या थाळीच्या आवाजाने जितकं सांगितलं तितकं अग्रलेखांनी सांगितलं नसेल.

आणीबाणीत मृणालताई तुरुंगात गेल्या. १९७७ ला उत्तर मुंबईतून लोकसभेवर निवडून आल्या, इंदिरा गांधी रायबरेलीत पडल्या, आणि लोकांच्या तोंडी ती प्रसिद्ध घोषणा आली: पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात!

या घोषणेतला 'बाई' शब्द मराठी माणसाने नीट ऐकावा. आपल्याकडे शाळेतल्या शिक्षिकाही बाई, भांडी घासायला येणाऱ्याही बाई, आणि 'बाईमाणूस आहे, तिला काय कळतंय' यातलीही बाईच. मान आणि कमीपणा एकाच शब्दात. घोषणेत दोघीही बाईच आहेत. पण एकीच्या नावात तिचं काम आहे, पाणी. दुसरीच्या नावात तिची जागा आहे, दिल्ली. मृणालताईंना कुणाची मुलगी, कुणाची आई किंवा कसली देवी म्हणून नाव मिळालं नाही. नळाला आलेल्या पाण्यावरून मिळालं. म्हणजे साच्याबाहेरची प्रतिमाही जनमानसातून येऊ शकते. मात्र त्यासाठी आधी नळाला पाणी यावं लागतं.

इकडे इंदिरा गांधी पराभवानंतर काय करत होत्या? प्रतिमा घडवण्याचं काम स्वतःच्या हातात घेत होत्या. बिहारमधल्या बेलछी गावात दलितांना ठार मारलं गेलं होतं. ऑगस्ट १९७७ मध्ये त्या तिकडे निघाल्या. पावसाने वाट चिखलात बुडालेली. जीप रुतली, ट्रॅक्टरही अडकला, शेवटी हत्ती आणला. साठीला टेकलेली बाई अंबारी नसलेल्या हत्तीवर बसून पाण्यातून गावात गेली. ते दृश्य देशभर पोचलं आणि पाच महिन्यांपूर्वी लोकांनी घरी बसवलेली नेता पुन्हा गरिबांची वाली दिसू लागली. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला सीबीआयचे अधिकारी अटक करायला आले, तेव्हा त्यांनी हातकड्या घाला असा हट्ट धरला. वाटेत गाडी थांबली तेव्हा त्या रस्त्यालगतच्या मोरीवर जाऊन बसल्या. दुसऱ्या दिवशी न्यायालयाने त्यांना सोडून दिलं. चौकशी कशाची होती हे लोक विसरले, मोरीवर बसलेली बाई लक्षात राहिली.

बेलछीच्या दलित कुटुंबांपर्यंत तेव्हा दुसरा कुठलाही मोठा नेता अशी वाट तुडवत गेला नव्हता, हेही तितकंच खरं आहे. प्रतिमा घडवली गेली म्हणजे त्यामागे काहीच नव्हतं असं समजू नये. ज्या प्रदेशात जायचं तिथल्या विणीची साडी नेसायची, खेड्यात पदर डोक्यावर घ्यायचा, याचं त्यांचं भान पक्कं होतं. १९८० च्या जानेवारीत त्या परत पंतप्रधान झाल्या.

आजच्या पिढीला इंदिरा गांधी कळतात त्या बहुतेक पडद्यावरून, आणि गंमत म्हणजे त्यांना पडद्यावर आणण्यात मराठी अभिनेत्रींचा वाटा मोठा आहे. सुप्रिया विनोद, किशोरी शहाणे, अवंतिका आकेरकर, तिघींनी वेगवेगळ्या चित्रपटांत ही भूमिका केली. लारा दत्ता यांना तर २०२१ मध्ये रंगभूषेखाली ओळखणं कठीण झालं होतं. जानेवारी २०२५ मध्ये आणीबाणीवरचा चित्रपट आला तेव्हा दिग्दर्शक आणि मुख्य अभिनेत्री कंगना राणावत या स्वतः लोकसभेच्या खासदार होत्या, तेही विरोधी विचाराच्या पक्षाच्या. एक राजकारणी बाई दुसऱ्या राजकारणी बाईची प्रतिमा घडवते आहे, हा या गोष्टीतला नवा टप्पा. पण रंगभूषेच्या आरशासमोर पहिली खूण अजूनही तीच लागते, शाळेतल्या त्या मुलीला लागते तीच.

असा सिनेमा किंवा अशी बातमी पुढ्यात आली की मी एक साधी गोष्ट करते. नाती बाजूला काढते. मुलगी, आई, सून, विधवा हे शब्द खोडले तर वाक्यात काय उरतं ते बघते. कधी एखादा निर्णय उरतो, एखादा आकडा उरतो, एखादं खातं उरतं. कधी काहीच उरत नाही, आणि मग कळतं की आपण इतका वेळ राजकारण वाचतच नव्हतो.

दिल्लीत १, सफदरजंग रोडवरचं त्यांचं निवासस्थान आता संग्रहालय आहे. तिथे काचेआड एक साडी ठेवली आहे, ३१ ऑक्टोबर १९८४ च्या सकाळी नेसलेली, गोळ्यांच्या खुणांसकट. आदल्याच दिवशी त्या ओडिशाच्या दौऱ्यावरून परतल्या होत्या. त्या सकाळी शेजारच्या १, अकबर रोडच्या बंगल्यात आयर्लंडच्या टेलिव्हिजनसाठी ब्रिटिश अभिनेते पीटर उस्टिनोव्ह यांना मुलाखत द्यायची होती. अंगात बुलेटप्रूफ जाकीट नव्हतं. बागेच्या पलीकडे कॅमेरे लावून झाले होते, उस्टिनोव्ह वाट बघत होते. दोन बंगल्यांच्या मधल्या फाटकापाशी त्या पोचल्या, आणि ती मुलाखत झालीच नाही.